गाण्यातली पाचवी ओळ

"अक्षरं आधी की बोलणं आधी, तेवढं सांगा फक्त," मुलाचे वडील काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून विचारत होते. त्यांच्या मागे मुलाची आई उभी होती आणि तिच्या मागे मुलगा. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो रांगेत सगळ्यात शेवटी.

काउंटरवरच्या काकूंनी दोन पत्रकं पुढे सरकवली. चिनी भाषेचे दोन वर्ग होते, एक लाओशींचा आणि एक सरांचा. लाओशी म्हणजे चिनी भाषेत शिकवणारी बाई किंवा गुरुजी. पण इथे चोवीस वर्षं एकच बाई शिकवत असल्यामुळे ते तिचं नावच होऊन बसलं होतं. लाओशींचा वर्ग शनिवार-रविवारी. भरगच्च मुलं, खड्या आवाजात पाठांतर, वर्षाच्या शेवटी परीक्षा. सरांचा गुरुवारी संध्याकाळी. आठ-दहा मुलं, चित्रांचे पत्ते, खेळ. क्लासच्या मालकांनी बजावून ठेवलं होतं की आधी लाओशींचा वर्ग भरायचा, कारण निकाल तिथला दिसतो. या वडिलांना पुढे जाऊन फायदा कुठल्या वर्गात जास्त ते हवं होतं. आईचं म्हणणं असं की आधीच गणित आहे, पोहणं आहे, त्यात हे घातलं तर पोरगं झोपणार कधी. मुलाचं काहीच म्हणणं नव्हतं.

काकूंनी फॉर्म काढला, खणातून एक पेन्सिल काढली आणि नाव त्यालाच लिहू दे म्हणून दोन्ही मुलाच्या हातात दिलं.

काकूंच्या खणात अशा चार पेन्सिली होत्या आणि चारही बोथट. नुसत्या बोथट नव्हेत, शिसं पार लाकडात गेलेलं. शार्पनर काउंटरवरच होतं, पण फोनच्या पलीकडे, म्हणजे मागितल्याशिवाय हाती न लागणारं. अशी पेन्सिल मिळाली की काही मुलं लगेच ठणकावून सांगतात, याला टोक नाही. काही शार्पनर मागतात. काही आईच्या पर्समधून पेन उपसतात. ही मुलं लाओशींकडे टिकतात. आणि काही मुलं काहीच बोलत नाहीत. लाकडासकट कागदावर दाबत राहतात, नावाच्या जागी नुसता चरा उमटतो आणि तो कागद ती मुकाट्याने परत देतात. अशा मुलांना काकू सरांच्या वर्गात घालत. आईबापांना वाटे, आपण दहा ठिकाणी चौकशी करून, विचार करून निवडलं.

या मुलाने चरा ओढला. चांगला लांबलचक, आडनावासकट. काकूंनी तो कागद आपल्याकडे ओढला आणि लाओशींकडे यंदा जागा नाही, असं चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं. खोटं बोलणं काकूंच्या स्वभावात नव्हतं, पण या बाबतीत त्यांचं मन त्यांना कधी खात नसे. वडिलांनी थोडी हुज्जत घातली, मालकांचं नाव काढलं, शेवटी गुरुवारवर राजी झाले. मुलगा जाताना पेन्सिल जागेवर ठेवून गेला.

ही युक्ती काकूंना कुणी शिकवली नव्हती. ती त्यांना स्वतःच्या मुलाच्या दप्तरात सापडली होती. क्लास सुरू झाला त्या पहिल्या वर्षी, इथे काम करणाऱ्यांच्या मुलांना एक जागा मोफत, असं मालकांनी जाहीर केलं होतं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला लाओशींच्या वर्गात नेऊन बसवलं. लाओशींना तेव्हा इथलं बोलणं कळत नव्हतं, त्यामुळे हा आपला मुलगा हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. कुठला वर्ग, कुठलं मूल, असले विचार तेव्हा कुणाला सुचत होते! सात महिन्यांनी एका शनिवारी तो म्हणाला, मी नाही जाणार. का, ते सांगेना. काकूंनी त्याला फैलावर घेतलं, आयती मिळालेली जागा घालवलीस म्हणून दोन दिवस तोंड सोडलं. नंतर दप्तर रिकामं करताना त्यांना तळाशी तीन पेन्सिली मिळाल्या, तिन्ही लाकडापर्यंत झिजलेल्या, आणि वहीत पानापानांवर नुसते चरे. त्या वर्गात शार्पनर लाओशींच्या टेबलावर असायचं. उठून, सगळ्यांच्या देखत पुढे जाऊन मागावं लागायचं. काकू त्या पेन्सिली मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिल्या होत्या. आपलं पोरगं मागणाऱ्यांतलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यानंतर दुसऱ्याच्या पोरांच्या बाबतीत त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. ज्याच्याकडून हे कळलं, त्याला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता तो चौतीस वर्षांचा होता आणि उंच बांधकामांवर क्रेन चालवत होता. दिवसभर वर काचेच्या खोक्यात एकटा, खालचा माणूस हाताने खुणा करणार, हा वरून माल उचलणार. बोलायचं काम नाही. काम बाकी चोख होतं, मुकादम त्याच्यावर खूश होता. घरीसुद्धा काही विचारलं की तो "बघा तुम्ही" म्हणायचा आणि कामाला लागायचा.

गेले दोन आठवडे घरात जो वाद चालला होता, त्यातही त्याने एवढंच मत दिलं होतं. वाद होता नातीचा. सात वर्षांची, नाव काहीही असलं तरी घरात आणि दारात सगळे तिला भिंगरी म्हणत. काकूंचा आग्रह होता की तिला लाओशींकडे घालायचं. सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, तिला आठवड्यात रविवार एवढाच मोकळा. तिचं म्हणणं होतं, पोरीला एकच काहीतरी लावू, आणि तिला पाण्यात डुंबायला आवडतं तर पोहणं लावू. काकूंनी पुढचे फायदे सांगितले, जे त्या चोवीस वर्षं काउंटरवरून सांगत आल्या होत्या. सुनेने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"शिकायचंय तुम्हाला, आई," ती म्हणाली. "नाव तिचं लावताय."

काकूंना ते झोंबलं, कारण खरं होतं.

काउंटर आणि वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती आणि ती छतापर्यंत पोचत नव्हती. वरच्या फटीतून चोवीस वर्षं ती भाषा काकूंच्या कानावर पडत होती. त्यांना वाचता येत नव्हतं, अर्थ कळत नव्हता, पण कोणत्या महिन्यात कोणता धडा येतो ते त्या पंखा पुसता पुसता सांगू शकल्या असत्या. आत जाऊन बसावं असं त्यांना कितीदा वाटलं होतं. पण वर्ग चालू असताना फोन वाजायचा, आणि फोन घ्यायला बाहेर कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे काकू.

पहिल्या पुस्तकात एक गाणं होतं. पायरीवर बसून तोंड धुणाऱ्या मांजराचं चित्र होतं, त्यावरून गाणं मांजराचं असणार हे काकूंनी ताडलं होतं. पहिल्याच वर्षी, मुलगा आत असताना, त्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं. आपला मुलगा वीस पोरांच्या आवाजात कुठेतरी आहे, हे त्यांना फार आवडायचं. त्याचा आवाज वेगळा काढायचा त्या प्रयत्न करत, तो काही सापडत नसे. गाण्यात मधोमध एक ओळ होती, पाचवी. चार ओळी झाल्या की सगळी पोरं दम घेत आणि मग ती ओळ एकदम उसळून येई, ठेक्यात, हसऱ्या आवाजात. छ्वांग-ब्येन द, जांग-झ्वे. काकूंना अख्ख्या गाण्यात तीच ओळ सगळ्यात लाडकी. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती त्यांच्या तोंडात असायची. पुढच्या वर्षीपासून वर्गात ती ओळ ऐकू येईना. नव्या पुस्तकात गाळली असणार, असं त्यांनी धरून चाललं. चांगल्या गोष्टी कमी करायची खोड सगळीकडेच असते. त्यांनी मात्र आपल्या गाण्यात ती जपून ठेवली. भिंगरी झाली तेव्हा याच गाण्यावर थोपटून काकूंनी तिला दुपारी झोपवलं, आणि भिंगरी बोलायला लागली तशी नऊच्या नऊ ओळी घडाघडा म्हणायला लागली.

काकूंच्या मनात होतं ते एवढंच. पोरीला लाओशींपुढे उभं करायचं, गाणं म्हणायला लावायचं. लाओशींनी ऐकून मान डोलवावी. आपण भिंतीपलीकडून चोवीस वर्षं जे ऐकलं ते खरोखरच ती भाषा होती, नुसता गोंगाट नव्हता, एवढं जाणत्या माणसाकडून एकदा त्यांना ऐकायचं होतं. आत बसून शिकणं या जन्मात जमलं नाही, निदान हे. म्हणूनच पुष्कळ मिनतवारी करून, एक चाचणी तर देऊ दे, मग ठरवू, यावर त्यांनी सुनेला राजी केलं होतं.

तो रविवार होता. सकाळचा वर्ग सुटल्यावर अकरा वाजता सून आणि भिंगरी आल्या. भिंगरी जिना चढत असतानाच सगळ्या मजल्यांना कळलं. आल्या आल्या तिने पंखा का करकरतो, इथे पाणी कुठे मिळतं आणि आजीची खुर्ची फिरते का, हे विचारून घेतलं. सून बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. तिचं मन इथे नव्हतं, पण दिलेला शब्द पाळायची तिला सवय होती. लाओशींनी दारातून डोकावून भिंगरीला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. काकू खुर्चीत बसल्या, नेहमीच्याच जागी, आणि त्यांनी कान वरच्या फटीकडे लावले.

आधी चित्रं दाखवून काहीबाही विचारणं झालं. मग लाओशींनी विचारलं असावं की तुला काही म्हणून दाखवता येतं का, कारण भिंगरी म्हणाली, मला अख्खं गाणं येतं, आजीनं शिकवलंय. आणि तिने सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी. काकूंनी नकळत काउंटरवर बोटांनी ठेका धरला. तिसरी, चौथी. लाओशी मध्येच काही शाबासकीचं बोलल्या. मग भिंगरीने दम घेतला आणि पाचवी ओळ दणक्यात म्हटली, जशी ती म्हणायची असते तशी.

आत लाओशी मोठ्याने हसल्या. आणि ते हसणं मध्येच तुटलं. भिंगरी पुढच्या चार ओळी म्हणून मोकळी झाली, तरी आतून काही आवाज येईना. काकूंची ठेका धरलेली बोटं थांबली. सुनेनेही मान वर केली.

दार उघडून लाओशी म्हणाल्या, "काकू, जरा आत येता?"

लाओशींनी आत बोलावण्याची ही पहिली वेळ. त्या दाराशीच थांबल्या. लाओशींनी पुस्तक उघडून गाण्याचं पान त्यांच्यापुढे धरलं आणि बोटाने एकेक ओळ मोजली. आठ होत्या. ही नववी तुम्हाला कुठे मिळाली, त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं की पहिल्या वर्षीच्या पुस्तकात होती, नंतर काढून टाकली. लाओशींनी मान हलवली. पुस्तक तेव्हापासून हेच आहे, त्या म्हणाल्या, एक अक्षर बदललेलं नाही.

मग त्या छोट्या बाकड्यावर टेकल्या. लाओशींचेही केस आता पांढरे झाले होते. इतक्या वर्षांत इथलं बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, पण अवघड बोलायचं असलं की त्या एकेक वाक्य ठेवल्यासारखं बोलत.

"ती गाण्यातली ओळ नाही. ते मी बोलायचे. खिडकीजवळच्या, तोंड उघड. एवढाच अर्थ आहे त्याचा."

काकूंना काही उमगलं नाही. लाओशींनी खिडकीकडे हात केला. तिथे आता वह्यांचं कपाट होतं.

पहिल्या वर्षी तिथे बाक होता, त्या सांगू लागल्या. एक मुलगा बसायचा. कधी तोंड उघडायचा नाही. मी नवीन होते, मला वाटायचं तो हट्टीपणा करतो. चार ओळी झाल्या की मी त्याच्याकडे बघून हे म्हणायचे, गाण्याच्याच तालात, म्हणजे बाकीच्यांचा ताल मोडू नये. दर वर्गाला. मग काही दिवसांनी पोरंच माझ्याबरोबर म्हणायला लागली. सगळी मिळून, त्याच्याकडे वळून, हसत. मी थांबवलं नाही. पोरं अवघड शब्द तालात म्हणतायत, याचाच मला आनंद. सात-आठ महिने तो मुलगा ते ऐकत बसला आणि एके दिवशी यायचा बंद झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंतर मी ते शब्द वर्गात कधी उच्चारले नाहीत.

"कुणाचा मुलगा होता, आता आठवतही नाही," लाओशी म्हणाल्या. "कुठे असेल कोण जाणे."

काकूंना सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी खिडकीऐवजी त्या कपाटाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. भिंगरी फळ्यावर खडूने मांजर काढत होती, तिचं इकडे लक्ष नव्हतं.

लाओशींना त्यांच्या चेहऱ्यावरून काय वाटलं कुणास ठाऊक. काकूंना बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, "पण तुमचे कान फार चांगले आहेत हं. भिंतीपलीकडून ऐकून एकही उच्चार चुकला नाही. सगळं बरोबर ऐकलंत तुम्ही."

चोवीस वर्षं काकूंना हेच ऐकायचं होतं. ते असं ऐकायला मिळालं. त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्या, आणि फोन वाजतोय असं सांगून बाहेर आल्या. फोन वाजत नव्हता.

काउंटरवर भिंगरीचा फॉर्म होता. काकूंनी सकाळीच तो स्वतःच्या पेनाने भरून ठेवला होता, वर्गाच्या रकान्यात लाओशी असं लिहूनसुद्धा. नाव, वय, पत्ता, सगळं त्यांच्याच अक्षरात. सून उठून जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. काकूंनी घरी सांगते म्हटलं. त्यांनी तो फॉर्म उलटा ठेवला, नवा कोरा काढला, खणातून एक पेन्सिल घेतली आणि भिंगरीला हाक मारली. जगातल्या सगळ्या पोरांची त्यांनी ही परीक्षा घेतली होती, फक्त स्वतःच्या नातीची घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं.

भिंगरीने पेन्सिल हातात घेतली आणि क्षणभरसुद्धा न थांबता वर केली.

"आजी, ही मेलीय. दुसरी दे. आणि शार्पनर तिकडे लपवून का ठेवलंयस?"

सून हसली. काकूंचा जीव थोडासा भांड्यात पडला. ही कुठल्याही बाकावर बसली तरी हिला तोंड उघड म्हणून सांगायची पाळी कुणावर येणार नव्हती. लाओशींकडे ती सहज टिकली असती. मालकांनाही असंच मूल हवं असतं. काकूंनी शार्पनर तिच्याकडे सरकवलं आणि तिला विचारलं, तुला यायचंय का इथे? पोहायचं की हे? विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोन आठवड्यांच्या वादात हा प्रश्न हिला कुणीच केला नव्हता.

भिंगरीने पेन्सिलीला टोक काढता काढता विचार केला.

"पोहायचं," ती म्हणाली. "गाणं तर मला येतंच. पोहायला नाही येत."

 काकूंनी दोन्ही फॉर्म एकावर एक ठेवून मधोमध फाडले आणि पाठकोरे तुकडे निरोप लिहायला फोनजवळ ठेवले. सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पोरीला घेऊन जिना उतरली.

दुपारी क्लास बंद करून काकू घरी आल्या तेव्हा मुलगा खिडकीपाशी उभा राहून वाळलेले कपडे घडी करत होता. रविवारी हे काम त्याचं. त्याच्या घड्या इस्त्रीवाल्याने शिकाव्यात अशा. सून आतल्या खोलीत भिंगरीचे केस विंचरत होती आणि भिंगरी तिला विंचरू देत नव्हती. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"लाओशींनी आज त्या ओळीचा अर्थ सांगितला," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?"

काकूंना ती तोंडाने उच्चारवेना. मांजराच्या गाण्यातली, त्या म्हणाल्या, पाचवी.

मुलाने टॉवेलची घडी पुरी केली, वरून हात फिरवला आणि चळतीवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काकूंनी विचारलं, तुला माहीत होतं? तेव्हापासून? तो म्हणाला, वर्गात होतो ना मी, खिडकी आणि तोंड हे शब्द पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यातच होते.

काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. सात महिने त्या भिंतीला कान लावून बसल्या होत्या, वीस पोरं मिळून आपल्या पोराला हिणवत होती आणि त्या बाहेर ठेका धरत होत्या. घरी येऊन पुन्हा तेच, त्याच्याच समोर, भांडी घासता घासता. आणि वर त्यालाच बोलल्या होत्या, आयती जागा घालवलीस म्हणून.

"मला एकदा सांगायचंस तरी, रे. मी घरभर म्हणत फिरायचे ते."

त्याने एक शर्ट हातात घेतला. बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. मग बोलला, आणि त्याच्या मानाने पुष्कळच बोलला.

"तू खुशीत असायचीस, आई. तुला दुसरं कुठलं गाणं म्हणताना ऐकलंच नव्हतं मी. वर्गात ऐकलं की पळून जावंसं वाटायचं. घरी तू म्हणायला लागलीस की ते गाणंच वाटायचं. मग म्हटलं, असू दे."

काकूंनी पदराने डोळे पुसले. त्याचं बोलून झालं होतं. तो पुढच्या कपड्याकडे वळला.

तेवढ्यात भिंगरी अर्धवट विंचरलेले केस घेऊन बाहेर आली आणि आजीच्या मांडीवर डोकं टाकून आडवी झाली. दुपारी झोपायचं वय तिचं राहिलं नव्हतं, पण रविवारी एवढा हक्क ती अजून वसूल करत असे. गाणं म्हण, तिने फर्मावलं. काकूंनी थोपटायला सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. आवाज जरा घोगरा येत होता. तिसरी, चौथी. मग त्यांनी दम घेतला आणि पाचवी सोडून एकदम सहावी धरली.

भिंगरीने डोळे उघडले. एक ओळ राहिली, ती म्हणाली. काकूंनी सांगितलं, नाही, पुस्तकात आठच आहेत, लाओशींनी मोजून दाखवल्या.

"पुस्तकात असतील," भिंगरी म्हणाली. "आपलं नऊचं आहे."

काकूंचा हात तिच्या पाठीवर थांबला. सून कंगवा घेऊन दारात आली होती, तीही थांबली.

खिडकीजवळून आवाज आला. मुलाची पाठ त्यांच्याकडे होती आणि हातात चादरीची दोन टोकं होती. त्याने ती ओळ म्हटली. ठेक्यात, खणखणीत, एकेक उच्चार जागच्या जागी, बाहेर रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग त्याने चादरीची टोकं एकमेकांना जुळवली.

काकूंनी क्षणभर वाट पाहिली आणि सहावी ओळ पुन्हा सुरू केली.